लखनौच्या हिवाळ्यात घरचे नळ, टाकी आणि गिझर : काय करायचे, काय नाही

दिवाळी सरली की लखनौतल्या मराठी घरांतून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. मानकनगरच्या आरडीएसओत बदलून आलेले रेल्वेचे अधिकारी, पीजीआयमध्ये पुढचे शिक्षण घेणारे तरुण डॉक्टर, चौकाच्या सराफ्यात विटा-खानापूर-आटपाडीकडून येऊन सोने गाळण्याचा व्यवसाय करणारी गलाई कुटुंबे, सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने सारखीच. थंडीत पाइप फुटतील का? पुण्याहून आणलेला गिझर इथे पुरेल का? गॅस गिझर बाथरूममध्ये बसवला तर काय बिघडते? आणि घरमालक म्हणतो की दुरुस्ती तुम्हीच करा, ते बरोबर आहे का?

लखनौत पाण्याचा बर्फ होत नाही, म्हणून पाइप गोठून फुटण्याची चिंता करू नका. इथल्या हिवाळ्यात माणसे दगावतात ती बंद बाथरूममधल्या गॅसने आणि विजेच्या धक्क्याने. खर्च होतो तो क्षार साचून बिघडलेल्या गिझरवर आणि चुकीच्या पाइपवर. तुमचा वेळ आणि पैसा तिकडे लावा. ही सगळी कामे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी उरका. पुढे प्लंबर मिळत नाही, मिळाला तरी धुक्यामुळे दुपारी बारापर्यंत येत नाही.

पाइप का फुटणार नाहीत

लखनौत जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण सात-आठ अंशांच्या आसपास असते. मैदानी प्रदेशात पारा चार अंशांवर किंवा त्याखाली उतरला की हवामान खाते शीतलहर जाहीर करते. तशा लहरी लखनौत येतात आणि अंगात कापरेही भरते. पण भिंतीतल्या किंवा भिंतीवरच्या पाइपात पाणी गोठायला हवा शून्याच्या बरीच खाली, आणि तीही सलग काही तास, राहावी लागते. तसे इथे होत नाही.

रात्रभर नळ ठिबकत ठेवा, पाइपांना विजेची पट्टी गुंडाळा, हे सल्ले येतात ते शिकागो किंवा डॅलसला राहणाऱ्या नातेवाइकांकडून. त्यांच्याकडे ते बरोबरच आहेत. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये जी थंडी पडली, तिने असंख्य घरांतले पाइप फुटले होते. लखनौत मात्र नळ ठिबकत ठेवलात तर सकाळी टाकी रिकामी मिळेल, एवढेच.

इथला खरा प्रश्न वेगळा आहे. डिसेंबरच्या शेवटापासून संक्रांतीपर्यंत कित्येक दिवस सूर्य धुक्याआडून बाहेरच येत नाही. दुपारचे तापमानही बारा-पंधरा अंशांवर अडकते. पुण्या-नाशिकला रात्री गारठलेली गच्चीवरची टाकी दुपारच्या उन्हात पुन्हा कोमट होते. लखनौत अशा दिवसांत ती दिवसभर थंडच राहते आणि नळाला दहा-बारा अंशांचे पाणी येते. सोलर गिझरही याच काळात, म्हणजे सर्वांत गरज असते तेव्हाच, हात वर करतो. सोलर असेल तर त्यात विजेची कॉइल आहे का आणि ती चालते का, हे नोव्हेंबरातच तपासून घ्या.

टाकी : पंप कधी लावता याला महत्त्व आहे

तुमच्या घरी सबमर्सिबल असेल तर एक साधी गोष्ट फुकटात करता येते. खोल जमिनीतले पाणी बाराही महिने जवळपास एकाच तापमानाचे असते आणि लखनौसारख्या ठिकाणी ते पंचविशीच्या आसपास राहते. म्हणूनच थंडीत हातपंपाचे पाणी कोमट लागते. इथली माणसे त्याला ‘ताज़ा पानी’ म्हणतात आणि कडाक्याच्या सकाळी त्यानेच अंघोळ उरकतात. तुम्ही मात्र रात्री झोपताना पंप लावून टाकी भरता आणि ते कोमट पाणी रात्रभर गच्चीवर गारठवता. हिवाळ्यापुरती वेळ बदला. रात्री टाकी निम्मी राहू द्या आणि अंघोळीच्या अर्धा तास आधी पंप लावा. गिझरला दहाऐवजी अठरा-वीस अंशांचे पाणी मिळाले तरी वीज आणि वेळ दोन्ही वाचतात.

जलकल विभागाच्या पाण्यावर असाल तर ही युक्ती सगळीकडे चालणार नाही. ऐशबाग आणि बालागंज जलकेंद्रांतून येते ते गोमतीचे पाणी, गोमतीनगरच्या बाजूला कठौता तलावावाटे येते ते शारदा कालव्याचे. दोन्ही उघड्यावरचे, म्हणून आधीच गार. काही वस्त्यांत विभागाचे नलकूप थेट पुरवठा करतात. पहाटे नळाला कोमट पाणी आले तर तुमच्याकडे नलकूपाचे आहे असे समजा आणि गरजेचे तेवढे त्याच वेळी भरून घ्या.

टाकीसाठी हिवाळ्याआधी एवढे करा :

- पावसाळ्याचा गाळ तळाशी बसलेला असतो. नोव्हेंबरात ऊन असतानाच टाकी धुऊन घ्या. हाच गाळ पुढे गिझरच्या जाळीत आणि शॉवरच्या भोकांत अडकतो.
- झाकण घट्ट बसते का पाहा. उघड्या टाकीतले पाणी रात्री लवकर थंड होते आणि त्यात कबुतरांची घाण पडते, ती वेगळीच.
- बॉल कॉक पूर्ण बंद होतो का तपासा. रात्रभर टाकी वाहिली तर गच्ची आणि खालच्या भिंती ओल्या होतात. पौषातल्या धुक्यात ती ओल वाळत नाही.
- टाकीभोवती थर्माकोलचे किंवा फोमचे आवरण घातले तर पाणी हळू थंड होते, गरम होत नाही. सकाळी भरलेली टाकी संध्याकाळपर्यंत वापरत असाल तर उपयोग आहे. रात्रभर ठेवून सकाळी वापरणार असाल तर फारसा नाही. गोणपाट गुंडाळू नका, दवाने ते भिजते आणि उलट गारवा वाढवते.

पुण्यातला गिझर लखनौत अपुरा का पडतो

यात बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून थोडे आकडे देतो.

मुंबई-पुण्यात लोकप्रिय असलेला तीन लिटरचा, तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर घ्या. मिनिटाला दोन लिटर धार सोडली तर तो पाण्याचे तापमान साधारण एकवीस-बावीस अंशांनी वाढवतो. नळाचे पाणी वीस अंशांचे असेल तर एक्केचाळीस-बेचाळीस अंशांचे, म्हणजे अंघोळीजोगे पाणी मिळते. लखनौत आत शिरणारे पाणीच दहा अंशांचे असते. मग बाहेर पडते ते एकतीस-बत्तीस अंशांचे, नुसते कोमट. चाळीस अंश हवे असतील तर धार बारीक करावी लागते आणि वीस लिटरची बादली भरायला चौदा मिनिटे लागतात. गिझर बिघडलेला नाही, तो इथल्या पाण्यासाठी लहान आहे. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी तो छान चालतो, तिथे लावा.

पंधरा लिटरच्या साठवणीच्या गिझरचेही तसेच. दोन किलोवॅटची कॉइल पंधरा लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर न्यायला एकवीस मिनिटे घेते. दहावरून साठवर न्यायला सव्वीस. त्यात संध्याकाळी वस्तीत सगळ्यांचे हीटर सुरू झाले आणि व्होल्टेज १९०वर आले की त्याच कामाला अडतीस मिनिटे लागतात, कारण व्होल्टेज थोडे घसरले तरी कॉइलची ताकद त्याहून बरीच जास्त घसरते. शिवाय साठ अंशांच्या या पंधरा लिटरमध्ये दहा अंशांचे गार पाणी मिसळून चाळीस अंशांचे पंचवीस लिटर मिळते. वीस अंशांचे गार पाणी मिसळले असते तर तीस लिटर मिळाले असते.

तेव्हा निवड अशी करा :

- एकट्या माणसाला, बादलीने अंघोळ करणाऱ्याला : पंधरा लिटर पुरे.
- तीन-चार माणसांच्या घरात, सकाळी सगळ्यांची घाई असेल तर : पंचवीस लिटर.
- शॉवर हवाच असेल तर : पंचवीसच्या खाली जाऊ नका. माझे मत विचाराल तर लखनौच्या जानेवारीत शॉवरपेक्षा बादलीच बरी. पाणी मोजून लागते आणि मध्येच गार होत नाही.

विकत घेताना आयएसआय खूण पाहा. साठवणीच्या गिझरसाठी मानक आहे आयएस २०८२. खुणेजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो. ताऱ्यांची खूण सांगते की तापलेले पाणी किती वेळ गरम टिकते. दिवसातून दोन-तीनदा गिझर लावणाऱ्या घराला जास्त ताऱ्यांचा फायदा होतो. उंच इमारतीत राहत असाल किंवा प्रेशर पंप असेल तर आठ बारचा दाब सोसणारा गिझरच मागा.

जड पाणी : गिझर असा बिघडतो

सबमर्सिबलचे पाणी कोमट मिळते, पण त्याची किंमत क्षारांच्या रूपाने द्यावी लागते. लखनौचे भूजल जड आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर, डाळ शिजायला लागणारा वेळ, साबणाला न येणारा फेस, यातून तुम्हाला ते कळलेच असेल. पाणी जितके जास्त तापवाल तितका हा थर कॉइलवर जाड बसतो. थर बसला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, गिझर कुरकुरल्यासारखा आवाज करू लागतो आणि शेवटी कॉइल जळते.

थर्मोस्टॅट साठ अंशांच्या आसपास ठेवा, शेवटच्या टोकाला नको. भूजल वापरणाऱ्यांनी दरवर्षी हिवाळ्याआधी गिझर उघडून क्षार काढून घ्यावा. त्या वेळी मिस्त्रीला आतली मॅग्नेशियमची कांडी दाखवायला सांगा. ती कांडी स्वतः झिजते आणि टाकीला गंज चढू देत नाही. पेन्सिलीसारखी बारीक झाली असेल तर बदला. पुष्कळ मिस्त्री तिला हातच लावत नाहीत आणि दोन-तीन वर्षांत टाकी गळू लागली की नवा गिझर घ्यायला सांगतात.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे ठिबकते. ते तसेच व्हायला हवे, कारण तापलेले पाणी फुगते आणि जादा दाब तिथून निघतो. ठिबकते म्हणून त्या तोंडाला बूच मारून घेऊ नका. बंद टाकीत दाब वाढत गेला तर ती फुटू शकते. व्हॉल्व्ह गिझर बंद असतानाही सतत वाहत असेल तर मात्र तो खराब आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे. तो बदलून घ्या.

आणि टाकी रिकामी असताना गिझर लावू नका. रात्री वीज गेली, पंप लागला नाही, सकाळी घाईत बटण दाबले, कॉइल कोरडी तापली आणि जळाली, हे दर हिवाळ्यात घडते. आधी गरम पाण्याचा नळ उघडून धार येते का पाहा, मग बटण दाबा.

वीज : आधी अर्थिंग, मग गरम पाणी

चौक, अमीनाबाद, हुसैनगंज या जुन्या वस्त्यांत आणि कित्येक नव्या भाड्याच्या खोल्यांतही तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. तिथे गिझरची कॉइल फुटली तर वीज थेट पाण्यात उतरते. इलेक्ट्रिशियनला बोलावून एवढी तपासणी करून घ्याच :

- अर्थिंग खरे आहे का, हे त्याने मीटर लावून दाखवले पाहिजे. नुसते पाहून ‘ठीक है’ म्हणणे पुरेसे नाही.
- गिझरसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतःची एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर.
- घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. माणसाला धक्का बसताच वीज तोडते ती हीच. साधी एमसीबी हे काम करत नाही. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.
- मंजूर भार. दोन किलोवॅटचा गिझर, दोन किलोवॅटचा रूम हीटर आणि एक अश्वशक्तीचा पंप एकदम चालला तर पावणेपाच किलोवॅट होतात. तुमचा मंजूर भार दोन किलोवॅट असेल तर तो वाढवून घ्या. मध्यांचल विद्युत वितरण निगमचा तक्रार क्रमांक १९१२ आहे.

अर्थिंगची खात्री होईपर्यंत पाणी तापवून गिझरचे बटण बंद करा आणि मगच अंघोळीला बसा.

पाणी तापवण्याचा रॉड विद्यार्थ्यांच्या खोल्यांत फार चालतो. त्याला मानक आहे आयएस ३६८, ते पाहूनच घ्या. लोखंडी बादली वापरू नका. पाणी तापले का हे बोट बुडवून पाहण्याआधी बटण बंद करा आणि पिनही काढा, मग रॉड बाहेर घ्या, मग हात लावा. खोलीत लहान मूल असेल तर रॉड वापरूच नका.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच

या मुद्द्यावर कोणतीही सवलत देऊ नका. गॅस गिझर झटपट गरम पाणी देतो, व्होल्टेज पडले तरी चालतो, खर्चाला परवडतो, हे सगळे खरे आहे. पण गॅस जळायला हवा लागते. थंडीच्या दिवसांत आपण दार लावतो, खिडकी बंद करतो, झडपेच्या फटीत कापड कोंबतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या सुमारे दोनशे पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, गरगरते, पाय लटके पडतात, आणि कडी उघडायला उठण्याआधीच माणसाची शुद्ध हरपते. उत्तर भारतात हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यांत तरुण, धडधाकट माणसे असतात.

- गिझर बाहेर बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टच्या बाजूला लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा.
- ‘एक्झॉस्ट फॅन आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा जळका वायू उलटा खोलीतच ओढू शकतो.
- ‘यात सेन्सर आहे’ हेही पुरेसे नाही. सेन्सर बिघडतो आणि बिघडला हे कळत नाही.
- पाइपच्या गॅससाठी ‘ग्रीन गॅस’ कंपनीची जोडणी असेल तर गिझरही पाइप गॅससाठी बनवलेला हवा. सिलिंडरचा गिझर तसाच जोडला तर ज्योत नीट जळत नाही, कारण दोन्ही गॅसचे जेट वेगळे असतात. जोडणीचे काम कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या.
- ज्योत निळी असावी. पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी धरली तर त्याच दिवशी वापर थांबवा.

भाड्याचे घर किंवा पीजी पाहायला जाल तेव्हा आधी बाथरूममध्ये डोकावा. आत गॅस गिझर दिसला तर तो बाहेर काढून देण्याची अट घाला. अट मान्य नसेल तर दुसरी जागा पाहा. मुलगा-मुलगी लखनौत शिकत असतील आणि तुम्ही महाराष्ट्रात असाल तर त्यांना व्हिडिओ कॉलवर बाथरूम दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला?

कोणी आत जाऊन बराच वेळ झाला आणि हाकेला ओ देत नाही असे झाले तर दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ किंवा ११२वर फोन करा. तुम्ही स्वतः आत थांबू नका. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच.

पाइप आणि प्लंबर

गरम पाण्याच्या लाइनला फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप लागतो. पांढरा यूपीव्हीसी गार पाण्यासाठी असतो, तो गरम पाण्याने मऊ पडतो, वाकतो आणि सांध्यात गळतो. स्वस्त पडतो म्हणून काही जण तोच गिझरला जोडतात. काम सुरू होण्याआधी पाइपवर छापलेले वाचा. सीपीव्हीसीचे मानक आयएस १५७७८ आहे.

सांध्याचे सॉल्व्हंट थंडीत हळू सुकते. उन्हाळ्यात काही तासांत पाणी सोडता येते, तिथे जानेवारीत पूर्ण रात्र द्या. प्लंबर ‘अभी चालू कर दीजिए’ म्हणाला तरी थांबा. भिंत बंद करण्याआधी लाइन दाबाखाली ठेवून गळती पाहा. जुन्या घरातले लोखंडी जीआय पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात. सकाळी पहिले पाणी तांबूस येत असेल तर डागडुजीवर पैसे घालू नका, तेवढा भाग बदला.

गिझर नळापासून लांब असेल तर पाऊण इंची पाइपच्या दहा मीटरमध्ये साधारण अडीच लिटर पाणी अडकलेले असते. दर वेळी ते गार होते आणि वाया जाते. उघड्यावरून जाणाऱ्या गरम लाइनवर एसीवाले वापरतात तो काळा नायट्राइल फोमचा नळा चढवा. उन्हाने तो फुटतो, म्हणून वरून अॅल्युमिनियमची टेप गुंडाळा. गार पाण्याच्या पाइपांवर हा खर्च करायची गरज नाही.

घर बंद करून गावी जाताना

नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रात जाणार असाल तर टाकीखालचा मुख्य कॉक बंद करा, गिझरची एमसीबी पाडा, गॅसचा कॉक बंद करा. परत आल्यावर पहिले पाणी थोडे वाहू द्या.

ज्यांचे नैनीताल, मुक्तेश्वर किंवा त्याहून वर घर आहे, त्यांनी लखनौतला पाइप न फुटण्याचा भरवसा तिथे लावू नये. गोठताना पाणी जवळजवळ नऊ टक्के फुगते. घर सोडताना टाकी आणि लाइन पूर्ण रिकामी करा, सगळ्यांत खालचा नळ उघडा ठेवा, गिझरही रिकामा करा.

दुरुस्ती कोणाची : भाडेकरू, मालक की बिल्डर?

महाराष्ट्रातला १९९९चा भाडे नियंत्रण कायदा इथे लागू नाही. लखनौत उत्तर प्रदेश नगरीय परिसर किरायेदारी विनियमन अधिनियम, २०२१ चालतो. करारात वेगळे ठरले नसेल तर कामांची वाटणी साधारण अशी आहे :

- मालकाकडे : गरज पडल्यास पाइप बदलणे, आतली-बाहेरची वायरिंग, इमारतीच्या बांधकामाची दुरुस्ती.
- तुमच्याकडे : नळ आणि त्यांचे वायसर, बेसिन, गिझरची दुरुस्ती, स्विच आणि सॉकेट, तुंबलेले गटार साफ करणे.

म्हणजे कॉइल जळाली तर खर्च तुमचा. भिंतीतला जीआय पाइप सडला तर मालकाचा. अर्थिंग नसणे ही वायरिंगची उणीव आहे, म्हणून तीही मालकाचीच. हा शेवटचा मुद्दा ठामपणे मांडा. बहुतेक भाडेकरू तो मांडतच नाहीत.

मालकाने आपल्या वाट्याचे काम केले नाही तर आधी लेखी कळवा. तरीही केले नाही तर ते करून घेऊन भाड्यातून वळते करता येते, मात्र एका महिन्यात भाड्याच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. पावत्या जपा. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. भांडण झाले म्हणून मालक पाणी किंवा वीज तोडू शकत नाही. तोडली तर किराया प्राधिकरणाकडे अर्ज करा. करार लेखी नसेल तर तुमची बाजू लंगडी पडते, म्हणून घर घेताना गिझर, पाइप आणि अर्थिंगची स्थिती करारातच लिहून घ्या.

रेल्वे, लष्कर किंवा विद्यापीठाचे क्वार्टर असेल तर हा कायदा लागू नाही. तिथे तुमच्या कार्यालयाच्या देखभाल विभागात, लष्करी वसाहतीत एमईएसकडे, नोंदवहीत तक्रार लिहा आणि तिचा क्रमांक घ्या.

गोमतीनगर विस्तार किंवा सुशांत गोल्फ सिटीसारख्या भागात नवा फ्लॅट घेतला असेल आणि पाइपलाइन गळत असेल तर रेरा कायद्याचे कलम १४ वाचा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या किंवा कामाच्या दर्जाचा दोष लेखी दाखवलात तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. गच्चीवरची सामाईक टाकी, पंप आणि डक्टमधल्या लाइन सोसायटीच्या आहेत, त्यांची दुरुस्ती एका घराच्या माथी मारता येत नाही.

गिझर हमीच्या काळात बिघडला आणि कंपनी दाद देत नसेल, किंवा पीजीवाला पैसे घेऊन गरम पाणी देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात जायचे असल्यास दोन वर्षांच्या आत जावे लागते. जलकल विभागाच्या पाण्याची तक्रार स्थानिक पातळीवर मिटली नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १०७६ आहे.

मालकाला पाठवायचे पत्र हिंदीत, चार ओळींचे असू द्या : कोणत्या तारखेला काय बिघडले, करारातले किंवा कायद्यातले कोणते काम त्यांच्याकडे येते, किती दिवसांत हवे आणि सोबत फोटो. व्हॉट्सअॅपवर पाठवाच, पण त्याच दिवशी स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पावती कराराच्या प्रतीला जोडून ठेवा.